पेव्हर आणि सिमेंट ब्लॉक कापायचे आहेत? मशीन घेण्याआधी जाडी मोजा

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'ब्लॉक कापायचं मशीन द्या' असं म्हटलं, की बहुतेक वेळा पुढ्यात येतो तो चार इंची मार्बल कटर. यंत्र चांगलं आहे, पण ते बनलंय फरशी कापायला. त्याचं ११० मिलिमीटरचं ब्लेड फार तर ३० ते ३४ मिमी खोल जातं. अंगणात घालायचा पेव्हर, म्हणजे काँक्रीटचा फरसबंदीचा ठोकळा, असतो ६० मिमीचा, भिंतीचा सॉलिड ब्लॉक १५० किंवा २०० मिमीचा. मग अर्ध्यात अडकलेलं ब्लेड, तापलेली मोटर आणि फुटलेल्या पेव्हरांचा ढीग, एवढंच हाती लागतं. म्हणून पैसे मोजण्याआधी टेप काढा. माल किती जाडीचा आहे, एकूण किती काप घ्यायचे आहेत आणि कापलेली कड शेवटी दिसणार की झाकली जाणार, हे ठरलं की यंत्र आपोआप ठरतं.

मालाची ओळख

पेव्हरसाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे. २००६ च्या आवृत्तीत जाडी आणि मजबुती अशी बांधून दिली होती: नुसत्या पायवाटेला ५० मिमी आणि एम-३० (ही काँक्रीटच्या मजबुतीची श्रेणी; आकडा मोठा तितका माल मजबूत), हलक्या वाहनांना ६० मिमी आणि एम-३५, मध्यम रहदारीला ८० मिमी आणि एम-४०, जड रहदारीला १०० मिमी आणि एम-५०. घराच्या अंगणात, जिथे दुचाकी आणि एखादी कार उभी राहते, तिथे ६० मिमी पुरतो. उसाचा भरलेला ट्रॅक्टर जिथून जाणार, तिथे ८० मिमीच्या खाली जाऊ नका. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, कागवाड या पट्ट्यात हा विचार आधीच करावा लागतो, कारण ८० मिमीचा माल ठरला की मशीनही बदलतं.

सिमेंटचे ब्लॉक साधारण ४०० मिमी लांब आणि २०० मिमी उंच असतात. रुंदी १००, १५० किंवा २०० मिमी. गवंडी त्यांना चार इंची, सहा इंची, आठ इंची म्हणतात. सहा इंची सॉलिड ब्लॉकचं वजन २५ किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे तो हातात धरून कापण्याचा विचारही करू नये. हॉलो ब्लॉक आतून पोकळ. त्याच्या बाहेरच्या भिंती साधारण २५ ते ३५ मिमीच्या. म्हणजे दिसायला मोठा असला तरी चार इंची कटरने तो चारी बाजूंनी कापता येतो.

एएसी, म्हणजे ज्याला सगळे लाइट वेट ब्लॉक म्हणतात, त्याला वीजच लागत नाही. मोठ्या दातांची, दातांना कार्बाइडची टोकं बसवलेली हातकरवत घ्या. अथणी-गोकाककडच्या दुकानात 'गरगस' म्हणून मागितलीत तर लगेच कळेल. लाकडाच्या करवतीनेही एएसी कापला जातो, पण थोड्याच ब्लॉकांत दात बोथट होतात. एएसीवर ग्राइंडर चालवणाऱ्यांचं आम्हाला खरंच वाईट वाटतं: काप होतो दोन मिनिटांत आणि धूळ भरते सगळ्या घरात.

खानापूरच्या बाजूला जांभ्याचा चिरा बांधकामात असतो. तो सिमेंटपेक्षा मऊ, पण ब्लेड भराभर झिजवणारा. त्याचा उल्लेख ब्लेडच्या भागात पुन्हा येईल.

कोणतं मशीन किती खोल जातं

ब्लेडचा व्यास म्हणजे कापाची खोली नव्हे. मधला फ्लँज, म्हणजे ब्लेड आवळून धरणारी चकती, आणि गिअरचं डोकं जागा खातं. नऊ इंची ब्लेडची त्रिज्या ११५ मिमी असली, तरी प्रत्यक्ष काप ६५ ते ७० मिमीच मिळतो. शिवाय ब्लेड झिजेल तशी खोली आणखी कमी होते.

चार इंची मार्बल कटर: ३० ते ३४ मिमी. ५० मिमीचा पेव्हर दोन्ही बाजूंनी कापून आरामात मोकळा होतो. ६० मिमीच्या पेव्हरला नव्या ब्लेडने दोन्ही काप मध्ये जेमतेम भेटतात. ब्लेड तीन-चार मिमी झिजलं, की भेटत नाहीत आणि उरलेला पापुद्रा छिन्नीने तोडावा लागतो. वीस-पंचवीस काप असतील तर एवढ्यावर भागतं. पाच इंची कटर मिळाला तर तो घ्या. त्याची खोली ४० मिमीच्या घरात जाते आणि ६० मिमीचा पेव्हर दोन कापांत निश्चिंतपणे होतो.

सात इंची ग्राइंडर: ५० ते ५५ मिमी. ६० मिमीच्या पेव्हरला पाच-दहा मिमी कमी पडतो. एका बाजूने पूर्ण काप, मग उलटून हलकी रेघ मारली की झालं. ८० मिमीलाही दोन बाजूंनी पुरतो.

नऊ इंची ग्राइंडर: ६० मिमीचा पेव्हर एकाच कापात, सहा इंची ब्लॉक दोन बाजूंनी जवळपास पूर्ण. मात्र हे जड आणि ताकदवान यंत्र आहे. अडकलं तर मनगट पिरगाळून टाकतं. पहिल्यांदाच मशीन हातात घेणाऱ्याने इथून सुरुवात करू नये.

चौदा इंची पेट्रोल कट-ऑफ मशीन: १२५ मिमीपर्यंत. ८० आणि १०० मिमीचे पेव्हर, आठ इंची सॉलिड ब्लॉक, रस्त्याकडेचे कर्ब (काठाचे दगड) यांसाठी हेच. वजन दहा किलोच्या आसपास. टू-स्ट्रोक इंजिन असतं. तेलाचं प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेत पाहा. ५० ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलि टू-स्ट्रोक तेल. बंद खोलीत, तळघरात किंवा शटर लावलेल्या गाळ्यात ते चालवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता जीव घेतो. एका घराच्या कामासाठी विकत घेण्यापेक्षा दिवसाच्या भाड्याने आणावं.

टेबल असलेली दगड कापायची मशीन: खाली पाण्याची टाकी, सरकता ट्रे, वर चौदा इंची ब्लेड. शेकड्यांनी एकसारखे काप घ्यायचे असतील तर याला तोड नाही. कड सरळ येते आणि हात ब्लेडपासून लांब राहतात. काही जण मार्बल कटर फळीखाली उलटा आवळून स्वतःच असं टेबल बनवतात. त्यात गार्ड (ब्लेडवरचं संरक्षक झाकण) निघतो, बटण कायमचं चालू करून ठेवावं लागतं आणि बोटं सरळ उघड्या ब्लेडकडे जातात. ते करू नका.

ब्लॉक स्प्लिटर: दाबाने दगड फोडणारं लोखंडी यंत्र. वीज नाही, धूळ नाही, आवाज नाही. कड खडबडीत येते, त्यामुळे काठाच्या कर्बखाली जाणाऱ्या तुकड्यांना किंवा खडबडीत कडच हवी असेल तिथे उत्तम.

चौदा इंची लोखंड कापायच्या चॉप सॉवर दगडाचं काम करू नये. लाकडाच्या दातेरी ब्लेडचं तर नावच नको; ग्राइंडरवर दातेरी ब्लेड लावून गंभीर जखमी झालेली माणसं कुठल्याही मोठ्या दवाखान्यात भेटतील.

किती काप? आधी मांडणी पाहा

२० फूट बाय १० फूट अंगण घ्या. त्यात २०० बाय १०० मिमीचे आयताकृती पेव्हर विटांच्या जोडणीसारखे, सांधा चुकवून घातले, तर साधारण ३० ओळी येतात. एकाआड एक ओळीत दोन्ही टोकांना अर्धा तुकडा लागतो. म्हणजे ३० अर्धे तुकडे, आणि एका पेव्हरमधून दोन निघत असल्यामुळे १५ काप. ३ मिमीचा सांधा धरला तर २० फुटांत असे ३० पेव्हर जवळपास नेमके बसतात, त्यामुळे लांबीच्या टोकाला वेगळा काप लागत नाही. हे काम चार इंची कटरने एका सकाळीत होतं.

तेच अंगण तिरप्या, ४५ अंशांच्या मांडणीत घातलं तर चारी कडांना जवळपास प्रत्येक पेव्हर कापावा लागतो. ६० फुटांच्या परिघात शंभराहून जास्त काप, तेही तिरके. तिथे चार इंची कटर दमतो आणि माणूसही. भाड्याचं टेबल मशीन त्या दिवसापुरतं परवडतं. झिगझॅग किंवा डंबेल आकाराचा पेव्हर घेत असाल तर कारखान्यातूनच अर्धे आणि कडेचे तुकडे मिळतात का ते विचारा. मिळाले तर निम्मं कापकाम वाचतं.

कड दिसणार का?

पेव्हरची कड कायम डोळ्यांपुढे राहते. ब्लॉकची कड प्लास्टरखाली जाते. एवढा एक फरक लक्षात ठेवला तर बऱ्याच जणांचा मोठ्या मशीनचा खर्च वाचेल. भिंतीतल्या सॉलिड ब्लॉकला आरपार कापायची गरजच नसते. चारी बाजूंना १० ते १५ मिमी खोल रेघ मारा, ब्लॉक वाळूवर ठेवा, रुंद छिन्नी रेघेत धरून एकेका बाजूने थोडे थोडे घाव घाला. तो रेघेतच फुटतो. रेघ चारी बाजूंना जुळली नसेल तर मात्र वाकडा फुटतो, म्हणून गुण्या (काटकोनी पट्टी) लावून आखणी करा. ब्लॉक उघडा ठेवून रंगवायचा असेल, तरच पूर्ण काप घ्या.

ब्लेड: खरा पैसा इथे घाला

साध्या मशीनला चांगलं ब्लेड लावलं तर काम होतं. महागड्या मशीनला चुकीचं ब्लेड लावलं तर होत नाही.

दगड कापायचं काळं चाक स्वस्त पडतं, पण प्रत्येक कापागणिक लहान होत जातं. दोन-चार कापांसाठी ठीक. घेताना मधल्या लोखंडी कडीवर छापलेली मुदत पाहा. जुन्या, ओल लागलेल्या चाकातला बांधणीचा चिकट पदार्थ कमजोर होतो आणि ते फिरताना फुटतं. पावसाळाभर शेडमध्ये पडलेलं चाक टाकून द्या.

डायमंड ब्लेडचे तीन प्रकार दुकानात दिसतील. कडेला खाचा असलेलं सेगमेंट ब्लेड ब्लॉक आणि साध्या पेव्हरसाठी. खाचांतून हवा खेळते, भुकटी बाहेर पडते. लहरीसारखी सलग कड असलेलं टर्बो ब्लेड पेव्हरसाठी. थोडं सावकाश चालतं पण कड स्वच्छ देतं. गुळगुळीत सलग कडेचं ब्लेड फरशी आणि टाइल्ससाठी, पाण्यासोबत. ते काँक्रीटवर कोरडं चालवलं तर तापून वाकतं. रबर मोल्डचे चकचकीत रंगीत पेव्हर असतील तर टर्बोच घ्या आणि रेघेवर कागदी चिकटपट्टी लावा. वरचा थर कमी उडतो.

आता बाँड, ज्याबद्दल दुकानदार क्वचितच सांगतो. हिऱ्याचे कण धातूच्या भुकटीत बसवलेले असतात. काप चालू असताना तो धातू झिजला पाहिजे, तरच आतला नवा धारदार कण वर येतो. बेळगाव परिसरात पेव्हरमध्ये बहुधा काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची खडी असते. ती कठीण. तिला मऊ बाँडचं ब्लेड लागतं. बाँड फार कडक असेल तर धातू झिजत नाही, हिरे गुळगुळीत होतात आणि ब्लेड नुसतं घासत राहतं. ठिणग्या दिसतात, भुकटी दिसत नाही. उलट ताजा ब्लॉक, वाळू जास्त असलेला ब्लॉक, फ्लाय ॲशची वीट आणि जांभा हे मऊ पण खरबरीत. तिथे कडक बाँड हवा, नाहीतर ब्लेड डोळ्यांदेखत संपतं. डब्यावर 'कठीण काँक्रीट' की 'खरबरीत माल' असं लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या.

गुळगुळीत झालेलं ब्लेड फेकू नका. वाळूच्या जुन्या सिमेंट ब्लॉकमध्ये किंवा घासायच्या दगडी चाकाच्या तुकड्यात आठ-दहा उथळ काप घ्या. धातू झिजून हिरे पुन्हा उघडे पडतात.

ब्लेडवरचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला हवेत. ब्लेडचं भोक मशीनच्या फ्लँजवर घट्ट बसलं पाहिजे. ११० मिमीच्या ब्लेडला बहुधा २० मिमीचं भोक असतं, तर चार इंची ग्राइंडरच्या फ्लँजचा कंठ १६ मिमीचा असतो. मध्ये योग्य कडी न घालता तसंच आवळलं तर ब्लेड डगमगतं. आणि फेरे तपासा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो, सात इंची ब्लेडची मर्यादा ८,५०० च्या आसपास असते. गार्ड काढून छोट्या ग्राइंडरवर मोठं ब्लेड लावणं म्हणजे त्याचे तुकडे अंगावर घेणं.

काप कसा घ्यायचा

पेव्हर किमान दोन आठवडे पाणी मारून पक्का झालेला असावा, २८ दिवसांचा असेल तर उत्तम. खिळ्याने कड खरवडून पाहा. सहज वाळू सुटत असेल तर थांबा, कारण कच्च्या मालाची कड कापताना गळते.

माप घेताना सांध्याची जागा सोडा. तुकडा प्रत्येक बाजूला २ ते ३ मिमी कमी हवा, म्हणजे नंतर त्यात वाळू शिरते. ब्लेडची जाडीही धरा: चार इंची ब्लेड सुमारे २ मिमी खातं, चौदा इंची ३ मिमीच्या आसपास. तुकडा पूर्ण पेव्हरच्या एक तृतीयांशाहून लहान येत असेल तर शेजारचा पेव्हरही कापून दोन मध्यम तुकडे करा. छोटा तुकडा गाडीच्या चाकाखाली हलतो आणि निसटतो.

रेघ चारी बाजूंना आखा. दोन लाकडी पट्ट्या जमिनीवर सपाट ठेवा, त्यांवर पेव्हर ठेवा, आणि कापाची रेघ पट्ट्यांच्या बाहेरच्या अंगाला येऊ द्या, म्हणजे सुटणारा तुकडा खाली झुकेल आणि काप उघडेल. रेघ दोन पट्ट्यांच्या मध्ये आली तर काप शेवटी मिटतो, ब्लेड चिमटीत सापडतं आणि मशीन उसळतं. पायाखाली पेव्हर दाबून कापणं हा सर्रास दिसणारा प्रकार. ब्लेड आणि पाय यांत चार बोटांचंही अंतर नसतं.

आधी ५ ते ८ मिमी खोल रेघ मारून घ्या. मग त्याच रेघेतून दोन-तीन फेऱ्यांत खाली जा. मशीनचं वजनच पुरेसं असतं, वरून दाबू नका. ब्लेड कापात असताना ते तिरकं वळवू नका. गोलाई हवी असेल तर छोटे छोटे सरळ काप घ्या. कोरडं काम असेल तर दर अर्ध्या मिनिटाने ब्लेड बाहेर काढून दहा सेकंद मोकळं फिरू द्या. ब्लेडवर निळसर झाक आली तर ते जास्त तापलंय. तसंच चालवलं तर सेगमेंट, म्हणजे कडेच्या दोन खाचांमधला तुकडा, उडतो.

खालची कड तुटत असेल तर पेव्हर उलटून खालूनही रेघ मारा. काप वाकडा जात असेल तर ब्लेडचा पत्रा वाकलाय किंवा जोर जास्त लागतोय. ब्लेड काढून बोटावर लोंबतं धरा आणि लाकडाने हलकं ठोका: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर पत्र्याला तडा आहे.

धूळ, पाणी आणि लाईट

काँक्रीटच्या धुळीत वाळूचा सिलिका असतो. डोळ्याला न दिसणारे कण फुप्फुसात खोल जातात आणि तिथेच राहतात; सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडाला बांधलेला टॉवेल हे कण अडवत नाही. किमान एन-९५ मास्क, नाकावर घट्ट बसणारा. डोळ्यांना बंद चष्मा, कानांना प्लग. सैल टॉवेल, ओढणी, लोंबती बाही मशीनजवळ नको.

पाण्याने धूळ जागच्या जागी मरते. पाण्याची सोय असलेल्या मशीनला मिनिटाला अर्धा लिटर पाणी ब्लेडवर पडलं पाहिजे. शेतात फवारणीचा १६ लिटरचा पंप घरोघरी असतो; एकाने फवारा ब्लेडवर धरला तर तो अर्धा तास पुरतो. पेट्रोल मशीनबरोबर हे छान जमतं. मात्र औषध फवारलेला पंप वापरू नका, त्याचं पाणी तुषार होऊन नाकातोंडात जाईल. अथणीकडे उन्हाळ्यात पाण्याची चणचण असली तरी शंभर कापांना दोन-तीन बादल्यांहून जास्त लागत नाही.

साधा विजेचा ग्राइंडर पाण्यासाठी बनलेला नसतो. त्याच्यावर पाणी सोडू नका. पेव्हर आधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून, निथळून घ्या. धूळ कमी होते, मास्क तरीही हवाच. पाण्यासाठी बनलेला मार्बल कटर वापरत असाल तर लाईनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाईन तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. खानापूरच्या पावसात उघड्यावर विजेचं मशीन चालवायचं नाही, वर ताडपत्री असली तरी नाही.

नऊ इंची ग्राइंडर २,००० वॅटच्या पुढे असतो, साधारण १० अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि २.५ चौरस मिमीची वायर लागते. ३० मीटर लांब १ चौरस मिमीच्या वायरवर दहा-अकरा व्होल्ट वाटेतच जातात; गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, मग मोटर तापते. वायरची गुंडाळी पूर्ण उलगडून ठेवा. काप चालू असताना लाईट गेली तर बटण बंद करा आणि मगच ब्लेड कापातून काढा. नाहीतर लाईट आली की मशीन अडकलेल्या ब्लेडसह उसळतं. मशीनमधून ठिणग्या जास्त दिसू लागल्या तर मोटरचे कार्बन ब्रश बदला, दोन्ही एकदम.

कापण्याची जागा घातलेल्या पेव्हरपासून लांब ठेवा. पाण्यात मिसळलेली भुकटी रंगीत पेव्हरवर वाळली की पांढरा डाग धरते, आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. कापलेला तुकडा लगेच बादलीत बुडवून धुवा, पुसा, मगच बसवा. उरलेला चिखल गटारात सोडू नका, तो तिथे घट्ट बसतो. खड्ड्यात निथळू द्या आणि वाळलेली खपली डबरात टाका. सांध्यात बारीक वाळू भरताना तीही कोरडी हवी, ओली वाळू वरच अडकते.